शिकणारा हात आणि चौथे ऋण

नेत्रशास्त्रातील एम.एस. या तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग ग्रंथ, व्याख्याने आणि बाह्यरुग्ण विभागातील तपासणी यांतून आत्मसात करता येतो. परंतु मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, म्हणजे गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविणे, हे कौशल्य अखेरीस कोणाच्या तरी जिवंत डोळ्यावरच शिकावे लागते. ज्या डोळ्यावर विद्यार्थ्याचा हात बसतो, त्या डोळ्याच्या धन्याचे त्याच्यावर कोणते ऋण चढते, हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्मविचाराचाही आहे.

सुश्रुतसंहितेने या प्रश्नाचा एक भाग फार पूर्वी ओळखला होता. सूत्रस्थानाच्या ९व्या अध्यायात ‘योग्या’ सांगितली आहे. योग्या म्हणजे रुग्णाला हात लावण्यापूर्वी करावयाचा सराव. छेदनासाठी कोहळा, दुधी व काकडी, तर वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा आणि कमळाचे देठ तेथे सुचविले असून, सर्व शास्त्र पढलेला शिष्यही या सरावावाचून कर्मास अपात्र ठरविला आहे. आजचा विद्यार्थी बोकडाच्या डोळ्यावर टाके घालतो आणि सोय असेल तेथे सिम्युलेटरवर, म्हणजे शस्त्रक्रियेचा आभास निर्माण करणाऱ्या यंत्रावर, हात बसवितो. तरीही अंतर उरतेच, कारण भिंगाच्या आवरणाचा मागचा पडदा मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाडीचा असतो आणि तो फाटला तर व्हिट्रियस हा डोळ्यातील जेलीसारखा पारदर्शक पदार्थ पुढे येऊन शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. हे निष्णाताच्या हातूनही घडते, पण नवशिक्याच्या हातून अधिक घडते. शिवाय ही शस्त्रक्रिया बहुधा केवळ डोळ्याभोवतीचा भाग बधिर करून होत असल्याने, हिरव्या कापडाखाली निजलेल्या रुग्णाला ‘दाब कमी कर’, ‘थांब, आता मी घेतो’ हे शिक्षकाचे शब्द स्पष्ट ऐकू येतात.

कोणीतरी शिकलेच नाही तर पुढच्या पिढीला शल्यविशारद मिळणार नाहीत, हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे, कारण तो ‘कोणीतरी’ कोण हे सांगत नाही. पैसे मोजू शकणारा रुग्ण अनुभवी हात निवडतो. शिकण्याचा भार मात्र सरकारी रुग्णालयात आणि मोफत शिबिरात येणाऱ्या गरिबावर पडतो. खरा अन्याय या वाटणीत आहे, शिकण्यात नव्हे.

तैत्तिरीय संहितेने देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली, तर शतपथ ब्राह्मणाने मनुष्यांचे चौथे ऋण त्यांत जोडले. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, म्हणजे विद्या देणाऱ्याला काही परत करून नव्हे, तर ती विद्या जिवंत ठेवून. त्या न्यायाने विद्यार्थ्याने पुढे हजारो डोळे बरे केले की पहिल्या रुग्णाचे ऋण फिटले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ऋषींनी विद्या जाणूनबुजून दिली होती. जे देणाऱ्याने दिलेलेच नाही ते घेणे, याला जैन आचारशास्त्र अदत्तादान म्हणते आणि चोरीत गणते. संमतिपत्रावर अंगठा उमटला, पण उपकरण कोणाच्या हाती असेल हे रुग्णाला त्याच्या बोलीत सांगितलेच नाही, तर तेथे दान घडत नाही आणि ऋणाची भाषाही लागू पडत नाही.

सांगितल्यावर रुग्ण नकार देतील, ही भीती अनाठायी नाही. पण शिक्षक शेजारी बसून प्रत्येक पायरीवर लक्ष ठेवील आणि गरज पडताच स्वतः हाती घेईल, हेही त्याच वेळी सांगता येते, आणि एवढ्यावरही कोणी नाही म्हटले तर तो नकार त्याच्या उपचाराला बाध न आणता मानला पाहिजे. शतपथाने मनुष्यांचे ऋण निवारा आणि अन्न देऊन फेडायला सांगितले, म्हणजे ज्याचे देणे त्याच्याच दारी ते पोचवायचे आहे. पडदा फाटला असेल तर ते दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना विद्यार्थ्याने स्वतः रुग्णाला सांगणे आणि त्याची नजर स्थिरावेपर्यंत प्रत्येक तपासणीला हजर राहणे, हा या चौथ्या ऋणाचाच भाग होय.