खोळंब्याचा हिशेब

कुंभवलीहून मुंबई तशी फार दूर नाही. बोईसर स्थानकापर्यंत रिक्षा, तेथून लोकल, आणि शंभर किलोमीटरांच्या आसपासचे अंतर कापून माणूस सकाळच्या सकाळी थेट मुंबईत उतरतो. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. त्याआधी शटलने विरार गाठायचे, तेथे पूल चढून-उतरून दुसरी गाडी धरायची, हा आमच्या पिढीचा नेम होता. असे असूनही, तारापूरच्या कारखान्यांतील पाळ्यांवर ज्यांचा आठवडा चालतो त्या आमच्यासारख्या कुटुंबांना मुंबई ही अजूनही ठरवून, पैसे बाजूला काढून, मुलांना महिनाभर आधी वचन देऊन जाण्याचीच जागा आहे. आणि जे इतके ठरवून केले जाते, त्यात मिनिटांचा हिशेब आपोआप शिरतो.

सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेच्या आठवड्यात आम्ही असेच दोन दिवसांसाठी निघालो होतो. शनिवारी मुलांना राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवायचे, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बसायचे, रात्री मालाडला मेहुणीकडे मुक्काम, आणि रविवारी वांद्र्याला मोत माउलीच्या दर्शनाला जाऊन तेथेच मिस्सा ऐकून परतायचे, असा बेत होता. त्या बेताची जी काही दशा झाली ती थोडक्यात सांगतो. घरापासून दहा मिनिटांवर रिक्षाचे चाक पंक्चर झाले. आम्ही जिना उतरत असतानाच लोकल डोळ्यांदेखत सुटली. विरारपलीकडच्या गाड्या मोजक्या, त्यामुळे पुढच्या गाडीसाठी तास-सव्वा तास फलाटावर बसावे लागले. धाकटीच्या सँडलचा पट्टा पालघरच्या आधीच तुटला. येथवर आम्ही हसत होतो.

विरार सोडून गाडीने वेग घेतला आणि काही वेळातच ती हिसका देऊन थांबली. थोड्या वेळाने दरवाजाकडून निरोप आत आला : कोणीतरी गाडीखाली आले आहे. कडेच्या खडीतून चालत एक रेल्वे कर्मचारी आला आणि उचलायला दोन-तीन माणसे हवी आहेत, असे म्हणाला. आमच्या समोरच्या बाकावरचा, पाठीला डब्याची पिशवी लावलेला एक तरुण काही न बोलता उतरला. त्याच्यामागून आणखी एक गृहस्थ उतरले. सफाळ्याला भाजीच्या टोपल्या घेऊन चढलेल्या बाईने टोपलीवरचे धुवट फडके काढून त्यांच्या हाती दिले. आम्ही उठलो नाही. मांडीवर पिशव्या होत्या, मुले बरोबर होती, आणि घड्याळात साडेदहा वाजत होते. खिडकीतून खडीत पडलेली एक चप्पल दिसत होती. निळ्या शर्टाच्या एका माणसाला त्यांनी उचलून नेले, एवढे ओझरते दिसले. तो जिवंत होता की नव्हता, हे आम्हाला कळले नाही. आम्ही विचारलेही नाही.

गाडी पस्तीस मिनिटे उभी होती. डब्यात कोणीतरी म्हणाले, “याला आजचाच दिवस सापडला होता का?” ते वाक्य आमचे नव्हते. पण ते ऐकून डब्यात कोणी दचकले नाही, आणि न दचकणाऱ्यांत आम्हीही होतो. आम्ही फक्त मेहुणीला फोन करून कळवले की उशीर होईल, कोणीतरी गाडीखाली आले आहे, पेंग्विन बहुतेक राहणार. ही सगळी बातमी एका दमात दिली गेली.

रात्री मालाडला जेवणाच्या वेळी प्रवासाची कहाणी झाली. ती चांगली रंगली, हे कबूल केले पाहिजे. पंक्चर, हुकलेली गाडी, तुटलेला पट्टा, गाडीखाली आलेला माणूस, भायखळ्याला पोहोचेपर्यंत बंद झालेली तिकीट खिडकी. ऐकणारे हसले, हळहळले. मेहुणी म्हणाली, “भावजी, फारच हाल झाले की हो तुमचे!” आम्हालाही ते पटले. झोपताना आमच्या मनात स्वतःविषयी बरीच कणव होती.

दुसऱ्या दिवशी मिस्साच्या आरंभी पापांची कबुली आली. विचाराने, शब्दाने, कृतीने घडलेल्या पापांबरोबर, जे करायला हवे होते आणि केले नाही, त्याचीही कबुली आपण तेथे देतो. लहानपणापासून तोंडपाठ असलेले ते शब्द ओठांतून गेले आणि मग कोठेतरी अडकले. आदल्या रात्रीची आमची कहाणी आठवली. त्या कहाणीत एक माणूस सँडलचा पट्टा आणि तिकीट खिडकी यांच्या मध्ये ठेवला गेला होता. त्या यादीतला तो चौथा अडथळा होता.

परतीच्या प्रवासात रविवारच्या ब्लॉकमुळे आमची लोकल विरारपर्यंतच धावली आणि तेथे फलाटावर दोन तास काढावे लागले. विचार करायला तेवढा वेळ पुरेसा होता.

प्रश्न असा की, घाई ही सबब होऊ शकते का? क्रूर माणूस आणि घाईत असलेला माणूस यांत आपण फरक करतो, आणि तो करायलाही हवा. आम्हाला त्या अनोळखी इसमाचे काही वाईट चिंतायचे नव्हते. वेळ मोकळा असता तर आम्ही उतरलो असतो, असे आमचे प्रामाणिक मत आहे. पण हेच मत तपासून पाहिले पाहिजे. कारण वेळ मोकळा असताना जो चांगुलपणा सुचतो आणि वेळ कमी पडताच जो नाहीसा होतो, तो आपला गुण म्हणावा की सवडीचा?

याची परीक्षा अमेरिकेतील जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी घेतली आणि तिचे निष्कर्ष १९७३ साली प्रसिद्ध केले. परीक्षा घेतली तीही प्रिन्स्टनच्या ईशज्ञान शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांची. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. काहींचा विषय पदवीधरांच्या नोकऱ्या हा होता, तर काहींचा दयाळू शोमरोनी. वाटेत एका दाराशी एक माणूस खोकत, विव्हळत वाकून बसवलेला होता. काहींना सांगितले होते की तुम्हाला उशीर झाला आहे, काहींना वेळेवर आहात असे, आणि काहींना अजून अवकाश आहे असे. अवकाश असलेल्यांपैकी शेकडा ६३ जणांनी त्याची काही ना काही दखल घेतली, मधल्या गटातील ४५ जणांनी, आणि उशीर झालेल्यांपैकी फक्त १० जणांनी. भाषणाचा विषय शोमरोनी आहे की नोकरी, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले. हे वाचून त्या विद्यार्थ्यांना हसण्याचा अधिकार आम्हाला उरलेला नाही. आम्ही मोत माउलीच्या दर्शनालाच निघालो होतो.

संत लूकच्या शुभवर्तमानातील तो दाखला पुन्हा काढून वाचला तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. याजक आणि लेवी घाईत होते, असे तेथे कोठेच म्हटलेले नाही. याजक यरुशलेमहून खाली उतरत होता. म्हणजे मंदिरातील सेवा आटोपून तो घराकडे निघाला असावा. त्याच्या बाजूने घाईची सबब आपणच जोडतो, कदाचित स्वतःच्या सोयीसाठी. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटली. शोमरोनी हाही प्रवासालाच निघालेला होता. त्याने प्रवास रद्द केला नाही. जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्री सांभाळ केला, आणि दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दीनार देऊन, अधिक खर्च आला तर परत येताना देईन असे सांगून तो आपल्या वाटेला लागला. त्याच्या प्रवासाचा एक दिवस गेला, सारा प्रवास गेला नाही.

यावर व्यवहारी माणूस आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप खोटा नाही. लोकलमध्ये हजारो माणसे असतात. सगळेच खाली उतरले तर मदत होण्याऐवजी आणखी अपघात होतील. एखाद्याची परीक्षा असते, एखाद्याला डायलिसिसला पोहोचायचे असते. मोटरमनला तर हात थरथरत असले तरी गाडी पुढे न्यावी लागते. शिवाय पोलिसांच्या चौकशीचे भय. हे भय आता पूर्वीइतके खरे राहिलेले नाही. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला त्रास दिला जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद झाली. तरीही आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतो. दोन-तीन माणसे हवी होती, ती उतरली. चौथ्याने उतरणे कर्तव्य होते काय?

बहुधा नव्हते. आम्ही उतरलो नाही याचे शल्य आम्हाला आता तितकेसे नाही. शल्य आहे ते कहाणीचे. जे हात देऊ शकत नाहीत, त्यांच्याकडेही देण्यासारखे काही उरते. तो माणूस माणूस म्हणून लक्षात ठेवणे, त्याच्या घरी अजून कोणाला काही ठाऊक नसेल असे मनात येणे, एखादी प्रार्थना करणे, पुढच्या स्थानकावर कोणाला तरी विचारणे. याला मिनिटे लागत नाहीत. म्हणून घाईची सबब येथे लागूच पडत नाही, आणि नेमके येथेच आम्ही ती वापरली.

२०२४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका जनहित याचिकेत म्हटले होते की, २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसे दगावली. म्हणजे दिवसाला सात. हा आकडा वाचून आपण हळहळतो, आणि त्यांतला एक आपल्या गाडीसमोर आला की घड्याळ पाहतो. १९८९ साली रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात लढले, ते जखमी प्रवाशाला वेळेत उपचार मिळावेत यासाठी. जखमी माणसाच्या लेखी मिनिट म्हणजे काय, हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक. मिनिटांचा हिशेब त्या सकाळी दोन ठिकाणी चालला होता, एक डब्यात आणि एक खडीवर.

याची उलट बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. २६ जुलै २०१९ च्या शुक्रवारी रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. शनिवारी दुपारपर्यंत सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले, नौदल आले, आणि आसपासचे गावकरीही मदतीला धावले. त्या गावकऱ्यांनाही शनिवारची कामे असतीलच. पावसाळ्यातला शेतकरी मोकळा नसतो. त्यांचा तो दिवस कोणाच्या तरी सुट्टीच्या प्रवासापायी खर्च झाला. त्या प्रवाशांपैकी कोणी आपली कहाणी सांगताना गावकऱ्यांना वगळत असेल, असे वाटत नाही. ज्याने आपल्याला उचलले तो लक्षात राहतो. ज्याच्यासाठी आपण थांबलो, त्याला मात्र आपण खोळंबा म्हणतो.

नाताळच्या सुट्टीत मेहुणी मुलांना घेऊन कुंभवलीला आली. अंगणात गोठा पाहून झाल्यावर गप्पांत मुंबईच्या त्या फेरीचा विषय निघाला आणि आमच्या मोठ्या मुलाने ती कहाणी सांगायला घेतली. पंक्चर, हुकलेली गाडी, सँडल. त्याचा सूर आमचाच होता, थांबे आमचेच होते, हसायच्या जागाही आम्हीच त्या रात्री ठरवून दिलेल्या. विरारपर्यंत तो आला तेव्हा आम्ही त्याला थांबवले आणि पुढचे आम्ही सांगतो म्हटले. सांगायला बसलो, तर जवळ फार थोडे होते : निळा शर्ट, खडीतली एक चप्पल, भाजीवालीचे फडके. मेहुणीने विचारले, “मग वाचला का तो, भावजी?”