पुस्तकांचीही सावड व्हावी

लोकांच्या पैशाने घेतलेले पुस्तक ज्या गावाच्या कपाटात आहे त्या गावापुरतेच असते, ही समजूत आपल्या ग्रंथालय चळवळीचे जुने दुखणे आहे. महाराष्ट्रात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार त्यांना शासनाचे अनुदान मिळते. म्हणजे त्यांच्या कपाटांतल्या पुस्तकांत गडचिरोलीच्या मजुराने साबणाच्या वडीवर भरलेल्या कराचाही वाटा असतो. मग त्या मजुराच्या शिकणाऱ्या मुलीने सांगलीच्या किंवा नाशिकच्या कपाटातले पुस्तक मागितले, तर ती कोणाकडे भीक मागत नाही, आपला हक्क सांगते आहे.

हा हक्क पोचवायची वाट ठाऊक नाही असे नाही. एका ग्रंथालयाने दुसऱ्याकडून पुस्तक मागवावे, आपल्या वाचकाला द्यावे आणि मुदतीत परत पाठवावे, याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ती शिकवली जाते. गावोगावच्या वाचनालयांत मात्र ती क्वचितच दिसते.

ती नसली की काय होते, ते सांगतो. माझ्या ओळखीचे एक शिक्षक सत्यशोधक जलशांवर टिपणे काढत होते. त्यांना हवे असलेले जुने पुस्तक बाजारात मिळत नव्हते. शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयात त्याच्या दोन प्रती असल्याचे कळले. त्यांच्या गावच्या ग्रंथपालबाईंनी रीतसर पत्र पाठवले. उत्तर आले, ‘बाहेरगावी पुस्तक देण्याची आमच्याकडे प्रथा नाही.’ शेवटी रजा टाकून ते एसटीने तिथे गेले आणि दिवसभर बसून हाताने उतारे उतरवून आले. दोन्ही प्रतींच्या मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली होती. एका चिठ्ठीवर कित्येक वर्षांपूर्वीचे दोन शिक्के होते, दुसरी कोरी होती. त्या गावात ते पुस्तक कोणी वाचत नव्हते आणि ज्याला वाचायचे होते त्याला द्यायचे नव्हते. याला जतन कसे म्हणायचे?

दर १२ ऑगस्टला आपण डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घालतो. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांचा गाभा वापर हा आहे. पुस्तक आणि त्याचा वाचक यांची गाठ घालून देणे, हे त्यांनी ग्रंथालयाचे कर्तव्य ठरवले. वाचक आपल्याच गावचा असला पाहिजे अशी अट त्यांनी घातलेली नाही. ती आपण घातली.

ही अट दुष्टपणाने घातलेली नाही, हेही मला मान्य आहे. आपल्याकडे ग्रंथालयाचा ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद असे आकडे पाहतात आणि अनुदान वर्गावर ठरते. पुस्तक परगावी गेलेले असताना तपासणी आली तर जबाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. हरवले तर निर्लेखनाचे कागद त्यालाच रंगवावे लागतात. त्याचे तुटपुंजे मानधन पाहिले तर त्याने हा धोका का पत्करावा, असा प्रश्न पडतो. म्हणून मी दोष त्या माणसाला देत नाही. कपाट भरलेले दिसणे म्हणजे ग्रंथालय चांगले चालणे, असे मानणाऱ्या आपल्या मोजमापाला देतो. परगावच्या वाचकासाठी पाठवलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद तपासणीत जमेची धरा, तसा शासननिर्णय काढा आणि या कामाचा मोबदला ग्रंथपालाला द्या. दारे आपोआप उघडतील.

शंभर वर्षांपूर्वी हे दार एका मराठी माणसाने उघडून दाखवले होते. कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटली आणि हाती पुस्तक आले नाही, तर शिकलेली अक्षरे पुसली जातात, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. बडोद्याहून निवडक पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यांकडे निघत. गावाने पेटी ठेवून घ्यायची, पुस्तके वाचायची, पेटी परत करायची. वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे. वाचक पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तकाने त्याच्यापर्यंत गेले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. २००९ पासून नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना पुस्तकांच्या पेट्या अशाच फिरवते आहे आणि त्या आखाती देशांतल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेल्या आहेत. पेटी समुद्र ओलांडते, मग पुस्तक तालुक्याची हद्द का ओलांडत नाही?

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात ही सोय केव्हाच झाली. १९८८ साली दिल्लीत सुरू झालेल्या डेलनेटमुळे सभासद ग्रंथालयांना एकमेकांच्या संग्रहात काय आहे ते कळते आणि पुस्तक मागवता येते. हे चांगलेच आहे. पण ज्या प्राध्यापकाच्या हाताशी आधीच मोठे ग्रंथालय आहे त्याला सारा देश खुला, आणि ज्या मुलीच्या गावात दोन कपाटांचे वाचनालय आहे तिला ती दोन कपाटेच, हा न्याय नव्हे.

हरकती येतात त्यांचा विचार करू. पुस्तक फाटेल, हरवेल. त्यावर जगभर मान्य असलेला नियम असा की पुस्तक निघाल्यापासून परत पोचेपर्यंत सगळी जबाबदारी मागवणाऱ्या ग्रंथालयाची. व्यवहार दोन संस्थांचा असतो, अनोळखी वाचकाचा नसतो. दुर्मीळ पुस्तकाचे काय? ते खुशाल पाठवू नका, पण हवी ती पाने कायद्याच्या मर्यादेत छायाप्रत करून द्या. खर्चाचे काय? १ मे २०२५ पासून डाक खात्याने पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा त्याचा दर आहे. वार्षिक सभेच्या हार-नारळाच्या खर्चात किती वाचकांची पुस्तके ये-जा करतील, याचा हिशेब प्रत्येक कार्यकारिणीने मांडून पाहावा.

खरी अडचण आहे ती कोणाकडे काय आहे हे न कळण्याची. संगणक नव्हते त्या काळात शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची तयार केली आणि पुढच्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. आज ‘कोहा’सारखी ग्रंथालयांची संगणक प्रणाली फुकट मिळते, हातोहाती मोबाईल आहेत, आणि एका तालुक्यातल्या वाचनालयांची एकत्रित यादी आपल्याला करता येऊ नये? दात्यांचे नाव घेणाऱ्यांना हे शोभत नाही.

एका बैलाच्या शेतकऱ्याने दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करावी, जोडी जमवावी आणि दोघांचीही शेते वेळेत नांगरून काढावीत, ही आपल्या मातीतली रीत आहे. त्यात कोणी लहान होत नाही, कोणाचा बैल कमी होत नाही. आपली बहुतेक वाचनालये एका बैलाचीच आहेत. एकट्याने प्रत्येक पुस्तक घ्यायचे तर कोणालाच परवडणार नाही. वाटून घेतले, एकाने शेतीची, दुसऱ्याने स्पर्धा परीक्षांची, तिसऱ्याने बालवाङ्मयाची पुस्तके अधिक घेतली, तर तोच पैसा दुप्पट काम करील.

शासननिर्णयाची वाट पाहत बसायचे कारण नाही. ग्रंथालयांच्या कार्यकारिणीवर बसलेल्या बंधुभगिनींनो, येत्या सभेत एवढाच ठराव मांडा: तालुक्यातल्या कोणत्याही मान्यताप्राप्त वाचनालयाने मागितलेले पुस्तक आम्ही एक महिन्यासाठी देऊ. त्यासाठी स्वतंत्र नोंदवही घाला. शेजारच्या वाचनालयाला तसे पत्र पाठवा आणि सोबत आपल्या पुस्तकांची यादी जोडा. एखादे पुस्तक हरवेल, एखादे उशिरा येईल. तरीही देत राहा. आपल्या पूर्वजांनी दारोदार वर्गणी मागून ही वाचनालये उभी केली, ती पुस्तकांची राखण करण्यासाठी नव्हे, माणसे शहाणी करण्यासाठी. गावाच्या वेशीवर थांबणारे शहाणपण त्यांना नको होते. ते आपल्यालाही नको असले पाहिजे.