साथीच्या काळातले सरकार

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांना गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले आणि हा प्लेगच आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. पाचच महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा अमलात आला. मुळात जेमतेम चार कलमांचा हा कायदा. सरकारने हवे ते उपाय योजावेत, न ऐकणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येऊ नये, एवढाच त्याचा मथितार्थ. साथीत अडकलेल्या माणसाला औषध, अन्न, खरी माहिती कुणी द्यायची, यावर त्यात अवाक्षर नाही. १२३ वर्षांनी कोरोना आला, तेव्हा आपल्या राज्यांनी हाच कायदा बाहेर काढला.

या कायद्यामागची वृत्ती पुण्याने पुरती अनुभवली आहे. ब्रिटिश अधिकारी रँडच्या प्लेग समितीने घरझडतीला गोरे सोजीर लावले. ते देवघरापर्यंत शिरत, सामान बाहेर काढत, संशयितांना उचलून नेत. लोकांनी मग काय केले? आजारी माणसे दडवली, मृत्यू लपवले, गाव सोडून पळ काढला. म्हणजे साथ रोखण्यासाठी जे नको होते तेच झाले. २२ जून १८९७ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपल्याला पाठ असतो. धाकाने रोग लपतो आणि लपलेला रोग फैलावतो, हा त्यातला आरोग्याचा धडा मात्र मागे राहतो.

त्याच वर्षी वेगळी वाटही दिसली होती. १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत रुग्णांची शुश्रूषा करत होते. त्या सेवेतच लागण होऊन १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. लोकांनी जो धोका पत्करावा अशी आपली अपेक्षा असते, तो आपणही पत्करायचा, ही रीत या माणसांची होती.

२०१९मध्ये साथीला तोंड देण्याच्या सज्जतेची एक जागतिक क्रमवारी प्रसिद्ध झाली. तिच्यात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरे होते. पुढच्या दोन वर्षांत दोन्ही देशांत मृत्यूने थैमान घातले. पुढे १७७ देशांची आकडेवारी तपासणारा एक अभ्यास २०२२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जिथे लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर विश्वास जास्त, तिथे लागण कमी, असा संबंध त्यात आढळला. हा विश्वास साथ आल्यावर हुकूम काढून पैदा होत नाही.

दक्षिण कोरियाने हा विश्वास एकदा गमावून पाहिला होता. २०१५च्या मर्स साथीत तिथल्या सरकारने बाधित रुग्णालयांची नावे सुरुवातीला दडवली आणि लोक खवळले. मग माहिती उघड करणे कायद्यानेच बंधनकारक झाले. तैवानने २००३च्या सार्सनंतर साथनियंत्रणाची यंत्रणा आधीच उभारून ठेवली होती. ३१ डिसेंबर २०१९लाच वुहानहून आलेल्या विमानांत चढून प्रवाशांची तपासणी सुरू झाली. मास्कचा तुटवडा पडू नये म्हणून आरोग्य विम्याच्या कार्डावर औषधांच्या दुकानांतून ते मोजून मिळू लागले. गुलाबी मास्क घालून शाळेत गेलो तर मुले चिडवतील, अशी एका मुलाची धास्ती सरकारी हेल्पलाइनवर पोहोचली. पुढच्या पत्रकार परिषदेत आरोग्यमंत्री चेन शी-चुंग आणि त्यांचे सहकारी गुलाबी मास्क लावून बसले. एका मुलाचे म्हणणे मंत्र्यापर्यंत पोहोचते, हे अख्ख्या देशाने पाहिले.

न्यूझीलंडनेही कडक टाळेबंदी केली. पण दोन दिवस आधी सांगून, आणि पगारासाठी अनुदान जाहीर करून. आपल्याकडे २४ मार्च २०२०च्या रात्री आठला घोषणा झाली. हातात चार तास. ज्यांचे पोट रोजच्या मजुरीवर, त्यांनी पायी गावाची वाट धरली. ८ मेच्या पहाटे महाराष्ट्रात करमाडजवळ, जालन्याहून रुळांवरून चालत आलेले आणि थकून तिथेच झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरल्या होत्या. हे मृत्यू विषाणूने घडवले नाहीत.

पण याच राज्यात, मुंबईच्या धारावीत, वेगळेही घडले. अडीच चौरस किलोमीटरच्या आत लाखोंची वस्ती, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. घरात बसा, एवढे सांगून भागणारच नव्हते. महापालिकेने वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना सोबत घेतले. लोक त्यांना ओळखत होते, त्यांनी दार ठोठावले की दार उघडत होते. शौचालये पुन्हा पुन्हा निर्जंतुक केली, शाळांत विलगीकरणाची आणि जेवणाची सोय केली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा दाखला दिला.

चुका सगळ्यांच्याच झाल्या. वृद्धाश्रमांतले मृत्यू स्वीडनला टाळता आले नाहीत. पण तिथे आयोग नेमला गेला आणि त्याने सरकारला बोल लावले. ब्रिटनमध्ये टाळेबंदीचे नियम मोडल्याबद्दल खुद्द पंतप्रधानांना दंड झाला आणि पुढे तिथे जाहीर चौकशीही सुरू झाली. आपल्याकडे मृत्यूंच्या आकड्यावरच वाद आहे: २०२० आणि २०२१ मिळून भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज केंद्र सरकारने अमान्य केला. मग खरा आकडा शोधणारी स्वतंत्र चौकशी आपणच मागायला हवी. आणि १८९७च्या कायद्याच्या जागी असा कायदा हवा, ज्यात अधिकारांइतकीच कर्तव्ये लिहिलेली असतील: टाळेबंदी केली तर रोजीरोटीची भरपाई, माहितीचा हक्क, प्रत्येक मृत्यूची नोंद. पुढची साथ येणारच आहे. ती येण्याआधी हे मागणे, हे आता नागरिकांचे काम आहे.