दोन मिनिटांचं चरित्र

कुर्ला स्थानकातला बूटपॉलिशवाला गिऱ्हाइकाशी फारसं बोलत नाही. ब्रशच्या लाकडी पाठीनं पेटीवर दोनदा टकटक केली की आपण समजायचं, हा पाय झाला, आता दुसरा ठेवा. पुन्हा टकटक झाली की काम संपलं, पैसे द्या. थोड्याच अंतरावर ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट-चपला घडवणाऱ्या कारागिरांची वस्ती आहे. म्हणजे बूट शिवणारेही आमचेच आणि चमकवणारेही आमचेच. ती टकटक ऐकली की मला जॉन चाचा आठवतो.

‘बूट पॉलिश’ हा राज कपूर यांनी काढलेला आणि प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केलेला 1954 चा चित्रपट. भोला आणि बेलू ही दोन पोरकी भावंडं. काकू त्यांना भीक मागायला धाडते. वस्तीतला जॉन चाचा त्यांना सांगतो, हात पसरू नका, हातांनी काम करा. हे सांगणारा माणूस स्वतः चोरट्या दारूच्या धंद्यातला, पुढे तुरुंगातही जातो. मी हा चित्रपट दूरदर्शनवर पाहिला, नेहरूनगरच्या आमच्या इमारतीत, शेजारच्या आजींच्या घरी. टीव्ही त्यांच्याकडे होता. रविवारी संध्याकाळी त्यांच्या एका खोलीत वीसेक माणसं दाटीवाटीनं बसायची, उशिरा येणाऱ्यानं दारात उभं राहायचं. आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, होत्या. नवस फेडला की त्यांच्याकडून मलिदा यायचा, म्हणजे गोड पोहे, वर खोबरं आणि फळांच्या फोडी. पडद्यावर जॉन चाचा आला आणि आजी पलंगावरून म्हणाल्या, “हा आमचा चेऊलकर.”

आम्हा पोरांना काही कळेना. आम्ही त्याला डेव्हिड म्हणून ओळखत होतो. पडद्यावर नाव तेवढंच यायचं.

पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जन्म 1909 चा, ठाण्याचा. चेऊल म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातलं चौल. कोकणात शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायलांनी गावांवरून आडनावं घेतली, पेणकर, केहिमकर, चेऊलकर. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्या समाजातला हा मुलगा बी.ए. झाला, कायद्याची पदवी घेतली आणि 1937 साली मोहन भवनानींच्या ‘झांबो’मध्ये पडद्यावर आला. पुढची चाळीसहून अधिक वर्षं तो पडद्यावरच राहिला. शंभराहून अधिक चित्रपट, 1969 साली पद्मश्री. उंची बेताची, डोक्यावर केस नाहीत, लग्न केलं नाही. प्रेमप्रसंगातला नायक होण्याचा प्रश्नच नव्हता. ते काका झाले, शेजारी झाले, डॉक्टर झाले, मास्तर झाले.

अशा नटाला आपण चरित्र अभिनेता म्हणतो. इंग्रजीतल्या ‘कॅरेक्टर’साठी कुणीतरी ‘चरित्र’ हा शब्द बसवला. भाषांतर म्हणून तो चुकलेलाच आहे, कारण मराठीत चरित्र म्हणजे आयुष्याची हकिगत. पण मला वाटतं, या चुकीतून एक खरी गोष्ट हाती लागली. नायकाला कथा मिळते. तिला सुरुवात असते, अडचण असते, शेवट असतो, आणि ती तीन तास त्याच्याचभोवती फिरते. चरित्र अभिनेत्याला कथा मिळत नाही. त्याला दोन-चार मिनिटं मिळतात, आणि त्यात एक अख्खं आयुष्य आणून ठेवायचं असतं. हा माणूस कुठून आला, कशानं दुखावला, रात्री जेवून झोपतो का नुसता झोपतो, यातलं काहीही संवादात नसतं. ते त्याच्या बसण्यात, चष्मा पुसण्यात, बोलण्याआधी थांबण्यात दिसावं लागतं. आपला मराठीतला आद्य चरित्रग्रंथ, म्हाइंभटांनी जुळवलेलं ‘लीळाचरित्र’, तोही एकसंध कथा सांगत नाही. लहान लहान प्रसंग येतात, कधी चार ओळींचे, आणि त्यांतून माणूस उभा राहतो. चरित्र अभिनेत्याची कारकीर्द मी तशी वाचतो.

1973 च्या ‘अभिमान’मधला एक प्रसंग घ्या. लग्नाचा समारंभ चालू आहे. नवरा नावाजलेला गायक, बायको गावाकडून आलेली. पाहुण्यांच्या आग्रहाखातर दोघं मिळून गातात. सगळे खूश. पाहुण्यांत डेव्हिड बसले आहेत, गाण्यातले जाणकार. ते ऐकतात आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत जातो. आधी आनंद, मग नवल, मग काळजी. हिचा गळा नवऱ्यापेक्षा वरचढ आहे आणि संसाराला हे जड जाणार, एवढंच ते शेजारच्या माणसाला सांगतात. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे त्या काळजीचं खरं ठरणं. नायक-नायिकेला जे कळायला अख्खा चित्रपट लागतो, ते या माणसाला एका गाण्यात कळलं, आणि आपल्याला ते पटलं. का पटलं? कारण आयुष्यभर गाणं ऐकलेला माणूस कसा ऐकतो, हे त्यांनी आपल्याला दाखवलं. नुसतं मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. ‘गोलमाल’मध्येही तेच. साहेबाला काय रुचतं आणि काय खपत नाही, हे अमोल पालेकरांना समजावणारा घरोब्याचा डॉक्टर डेव्हिड आहेत. तो सल्ला काढून घेतला तर मिशी नाही, आखूड कुर्ता नाही, चित्रपटच नाही.

एवढं असून या कामाला मान मिळायला वेळ लागला, इथंही आणि तिकडेही. ऑस्कर सुरू झाले 1929 साली. सहाय्यक भूमिकांना पुरस्कार द्यावा हे त्यांना सुचायला 1937 चा समारंभ उजाडला. योगायोग असा की हेच डेव्हिड यांच्या पदार्पणाचं वर्ष. पहिला मान मिळाला वॉल्टर ब्रेननला. तो गर्दीत उभा राहणाऱ्या एक्स्ट्रांमधून वर आलेला नट. एका अपघातात त्याचे बरेच दात गेले होते, त्यामुळे चाळिशीतच म्हातारे रंगवायला तो मोकळा झाला. पण नायक-नायिकेला सोनेरी पुतळा आणि सहाय्यक नटाला एक पाटी, असा तेव्हाचा नियम होता. 1944 पासून त्यांनाही पुतळा मिळू लागला. ब्रेननला हा पुरस्कार तोवर तीनदा मिळून गेला होता, तिन्ही वेळा पाटीच. आपल्याकडे फिल्मफेअरच्या पहिल्या वर्षी, 1954 मध्ये, सहाय्यक भूमिकांसाठी पुरस्कारच नव्हता. दुसऱ्या वर्षी तो आला आणि अभिनेत्यांमध्ये पहिला मिळाला डेव्हिडना, जॉन चाचासाठी. अभिनेत्रींमध्ये मिळाला उषा किरण यांना. दोघंही मराठी घरांतले. ही गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगितली नाही, आणि आपणही कधी मोठ्यानं म्हणत नाही.

दातांवरून ललिता पवार आठवतात. मूकपटांच्या काळापासून काम करणारी, नायिका म्हणून नाव झालेली येवल्याची मुलगी. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा आला, डावा डोळा कायमचा बारीक झाला. तीनेक वर्षं उपचारांत गेली. नायिकेचं आयुष्य तिथं संपलं. मग त्या डोळ्यानं त्यांनी महाराष्ट्राला आणि देशाला सासू दाखवली, खाष्ट, हिशेबी, धाक वाटावा अशी. पण त्याच डोळ्यानं ‘श्री 420’मधली केळीवाली दाखवली आणि 1959 च्या ‘अनाडी’मधली मिसेस डिसाही. वरून ओरडणारी, आतून लेकरासारखा जीव लावणारी घरमालकीण. कुर्ल्यात होली क्रॉस चर्चच्या बाजूला लहानपण गेलेल्या कुणालाही विचारा, मिसेस डिसा ओळखीची निघेल. जी खोट म्हणून नायिकेला बाद करते, तीच चरित्र अभिनेत्रीच्या हाती अवजार होते. यात मला समाधान वाटत नाही, वाईटच वाटतं, कारण त्या मुलीला पर्याय दिलाच नव्हता. पण त्यांनी त्या डोळ्याचं जे केलं त्यापुढे माझी मान लवते.

आता मुद्द्याचं. चरित्र अभिनेता आपल्याला काय देतो? मी म्हणेन, शेजारी देतो. नायकासारखं व्हावंसं वाटतं, पण राहायचं असतं जॉन चाचाच्या आणि मिसेस डिसाच्या बाजूला. कुर्ल्यासारख्या गावात हे रोजचं आहे. कोळीवाडा, चर्च, मशिदी, देवळं, बेने इस्रायलांचं प्रार्थनागृह, गिरणीसाठी घाटावरून आलेली माणसं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. परक्या धर्माच्या माणसाच्या घरात पाऊल ठेवण्याआधी त्याचा एक चेहरा मनात असावा लागतो. माझ्या पिढीच्या मनात तो चेहरा या नटांनी ठेवला. 1941 साली प्रभातनं ‘शेजारी’ काढला तेव्हा शांतारामबापूंनी हे नेमकं ओळखलं होतं. मराठीत केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले आणि हिंदू शेजारी झाले मझहर खान. एकमेकांच्या घरचं माणूस होऊन दाखवणं, ते दोन मुरलेल्या चरित्र अभिनेत्यांनाच जमणार होतं.

डेव्हिड यांनी तर हे आयुष्यभर केलं. जॉन झाले, ‘सत्यकाम’मध्ये रुस्तम झाले, ‘बातों बातों में’ मध्ये टॉम अंकल होऊन लोकलमध्ये पोरीचं लग्न जमवायला निघाले. हिंदू घरांतले काका आणि भाऊ तर किती तरी. सगळ्यांच्या घरी ते गेले. आणि इथंच मला सल आहे. मी पाहिलेल्या त्यांच्या चित्रपटांत चेऊलकर एकदाही आला नाही. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावणारा, हिब्रूत प्रार्थना म्हणणारा आणि मुलांवर मराठीत रागावणारा कोकणातला माणूस, ज्याचं चरित्र त्यांना उसनं आणावं लागलं नसतं, तो मला कुठंच दिसला नाही. ‘अनुपमा’मधला मोझेस नावापुरता जवळून गेला तेवढाच. टोरांटोत त्यांचा शेवट झाला, ठाण्यापासून पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. आजी त्या रविवारी ‘आमचा’ म्हणाल्या त्यात अभिमान होता. पण तो आमचा आहे हे पडद्यानं सांगितलं नाही, ते आजींना सांगावं लागलं, हे मला फार उशिरा उमगलं.

पुढे आजी मुलाकडे इस्रायलला गेल्या. टीव्ही आमच्या घरी ठेवून गेल्या.

मराठी चित्रपट आज नव्या विषयांच्या शोधात गावोगाव फिरतो आहे. पटकथा लिहिणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: ठाण्याला जा, अलिबाग-रेवदंड्याला जा, कुर्ल्याला या. बेने इस्रायलांची जी घरं उरली आहेत त्यांत म्हातारी माणसं आहेत, मराठी बोलतात, मलिदा करतात, आणि विचारलं तर तासन्‌तास सांगतात. त्यांतला एक चेऊलकर लिहा. नायक नको, दोन मिनिटांचाच लिहा, पण आडनावासकट लिहा.