धबधब्याच्या काठावरचा मोह



पावसाळा आला की आपल्या सांगली-मिरजेतील अनेक कुटुंबे सातारा जिल्ह्यातील धबधबे पाहायला निघतात. काही वर्षांपूर्वी मीही धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर ठोसेघरला गेलो होतो. त्या सहलीत माझ्याकडून एक चूक झाली. ती आज तुमच्यापुढे कबूल करावीशी वाटते.

मुलांच्या हट्टाखातर आम्ही तंबूत राहायचे ठरविले. साताऱ्याहून घाट चढून चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचेपर्यंत अंधार पडला. त्या पठारावर इतक्या पवनचक्क्या का उभ्या आहेत, हे आम्हाला रात्री समजले! वाऱ्याने तंबूच्या खुंट्या उपटून काढल्या. काडेपेटी भिजली, स्टोव्ह पेटेना. शेवटी आम्ही सहा जणांनी गाडीतच बसून रात्र काढली. भावजयीने घरून बांधून आणलेल्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी मेजवानीसारखी लागली. मुले हसत होती. इथपर्यंत सारे गमतीचे होते.

सकाळी छान ऊन पडले. जपमाळेची प्रार्थना करून आम्ही निघालो. ठोसेघरचा धबधबा कठड्यामागून पाहिला. पण मुलांना भिजायचे होते. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला एका ओढ्याचा लहानसा धबधबा दिसला. तिथे कठडा नव्हता. जवळच कणसे भाजत बसलेली एक आजी म्हणाली, "पाण्यात उतरू नगा. वर डोंगराला पाऊस लागलाय."

भावजय थांबली. मी मात्र हसून म्हणालो, "आजी, ऊन पडलंय. आणि आम्ही प्रार्थना करून निघालोय. देव सांभाळतो." फादरकाका पुढे गेले म्हटल्यावर मुलेही मागोमाग आली.

शेवाळलेल्या खडकावर माझ्या आठ वर्षांच्या पुतण्याचा पाय घसरला. भावाने त्याचा दंड घट्ट पकडला म्हणून तो प्रवाहात गेला नाही. गुडघा मात्र फुटला. रडणाऱ्या पोराला घेऊन आम्ही काठावर आलो. तेवढ्यात आजीने ओढ्याकडे बोट दाखविले. नितळ पाणी गढूळ झाले होते. पालापाचोळा आणि काटक्या वाहत येत होत्या. थोड्याच वेळात आम्ही उभे होतो तो खडक पाण्याखाली गेला.

भाऊ मला एका शब्दानेही बोलला नाही. गाडीत पुतण्याने विचारले, "फादरकाका, देवानं मला पाडलं की वाचवलं?" मला उत्तर देता आले नाही.

वास्तविक आम्हा सांगलीकरांना हे कोणी शिकवायला नको होते. तिकडे कोयना-नवजाला पाऊस कोसळतो, इकडे आपल्या डोक्यावर ऊन असते, तरी आयर्विन पुलाखाली कृष्णा चढत जाते. २००५ आणि २०१९च्या महापुरात आपण हे भोगले आहे. नदी चढायला दिवस लागतात, ओढ्याला काही मिनिटे पुरतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. त्यांत चार मुले होती. तेही आपल्यासारखेच आनंदासाठी आले होते. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. मी स्वतः तेच केले होते.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण प्रभू येशूच्या मोहाविषयी ऐकतो. सैतान त्याला मंदिराच्या उंच टोकावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. वर स्तोत्र ९१चा आधार देतो, की देवदूत तुला झेलतील. पाहा, मोहदेखील पवित्र शास्त्राची भाषा बोलू शकतो! येशूचा पित्यावर पूर्ण विश्वास होता, आणि म्हणूनच त्याने उडी मारली नाही. त्या दिवशी ओढ्याच्या काठावर मी देवाचे नाव घेतले, पण त्या नावाआड माझा हट्ट लपला होता.

देवदूत येतात, पण आपण त्यांना ओळखत नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये ठोसेघरजवळच्या बोरणे घाटात सेल्फी काढताना एक तरुणी दरीत कोसळली. एक होमगार्ड दोरीच्या साहाय्याने खाली उतरला आणि तिला वर घेऊन आला. माझ्या वाट्याला आलेला देवदूत कणसे भाजत बसला होता. मी त्याचे ऐकले नाही.

पुतण्याला मी पुढे उत्तर दिले: "बाळा, देवाने आजीच्या तोंडून मला सावध केलं आणि तुझ्या बाबांच्या हातानं तुला वाचवलं. पाडलं ते माझ्या हट्टानं." त्याने मला क्षमा केली. मुले लवकर क्षमा करतात.

प्रिय भाविकांनो, सहलीला जरूर जा. देवाची सृष्टी मुलांना दाखवा. निघताना प्रार्थना करा आणि तिथे पोहोचल्यावर गावकऱ्यांना विचारा. कठडा ओलांडू नका. पाणी गढूळ दिसताच बाहेर या. कोणी मागे फिरू म्हणाले, तर त्याला भित्रा म्हणू नका. घरातही असेच असते. व्यसन, कर्ज, राग यांच्या काठावर आपली पत्नी, आई किंवा लेकरू आपल्याला थांबवीत असते. त्या आवाजात प्रभूचा आवाज ओळखण्याची कृपा आपणा सर्वांना लाभो.

आमेन.