नेमकेपणाची घडण

पहिला दमदार पाऊस झाला की तुमसरच्या आसपासच्या धानाच्या बांध्या भरतात. रोवणी सुरू होण्याआधीच बेडकांची अंडी त्यात आलेली असतात. हे पाणी दुपारी तापते, रात्री गारठते, गुरांच्या पायांनी ढवळते. तरी त्यातून बेडूकमासाच निघतो. पाठीत मज्जारज्जू, पुढे मेंदू, दोन बाजूंना दोन डोळे.

काम नेमके दिसले की आपण मुकादम शोधतो. गर्भात मुकादम नाही. पेशीला ठाऊक असतो तो शेजार.

मिळणारा निरोपही धड नसतो. झेब्रामाशाचा मज्जारज्जू घडताना 2013 साली हार्वर्डच्या संशोधकांनी पाहिले: कोणी काय व्हायचे हा संकेत अडखळत पोचतो, आणि वेगवेगळ्या वाटेला लागलेल्या पेशी एकमेकींत मिसळून बसतात. मग त्या सरकतात. आपल्यासारखीला घट्ट धरतात, इतरांना सैल सोडतात. पाहता पाहता पेशींचे पट्टे स्वच्छ होतात.

जीवशास्त्रज्ञ टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी तर 1955 साली उभयचरांच्या गर्भातल्या पेशी सुट्या करून एकत्र कालवल्या. त्वचेच्या पेशी बाहेर आल्या, मज्जासंस्थेच्या पेशी आत गेल्या. कोणी हात लावला नाही.

चूक होऊच न देण्यापेक्षा झालेली चूक लवकर निस्तरणे जिवाला स्वस्त पडते.

धक्का बसला तरी वाटेवर परत येण्याच्या या गुणाला जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी 1942 साली नाव दिले. त्यांच्या एडिंबरोतील प्रयोगशाळेत काम केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुढे पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावरचे संशोधन रुजवले. कवचाबाहेर काढलेला गर्भ काचेच्या बशीतही आपली वाट धरतो, हे पाहणारे डोळे मराठी मुलुखात त्यांनी तयार केले.

पण सावरायलाही सामग्री लागते. रिकाम्या हातांनी कोणी सावरत नाही, पेशीही नाही.

माणसाच्या गर्भात मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत मिटते. फोलिक ॲसिड कमी पडले तर ती उघडी राहण्याचा धोका वाढतो. आधी असा दोष असलेले मूल झालेल्या स्त्रियांत फोलिक ॲसिडची गोळी बहुतांश दोष टाळते, हे 1991 सालीच सिद्ध झाले. रोवणीला वाकलेल्या बाईला 28 व्या दिवशी अनेकदा दिवस गेल्याचेही कळलेले नसते. गर्भवती म्हणून नाव नोंदवल्यावर मिळालेली गोळी या कामाला उशिराची ठरते. मूल हवे असे ठरेल त्या दिवसापासून ती तिच्या हाती पडायला हवी.