दारावर बसणारे मित्र : ख्रिस्ती सांत्वनाचा एक मराठी विचार

संकटात सापडलेला माणूस धर्माकडे वळतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा दोन मागण्या असतात. जे घडले ते का घडले याचा उलगडा व्हावा ही एक, आणि ते सोसताना कोणीतरी जवळ असावे ही दुसरी. ख्रिस्ती धर्मविचाराने पहिल्या मागणीवर शतकानुशतके ग्रंथ लिहिले असून दुःख हे पापाचे फळ आहे, श्रद्धेची परीक्षा आहे की मानवी बुद्धीला न कळणाऱ्या योजनेचा भाग आहे, या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही. तथापि मराठी ख्रिस्ती जीवनाचा इतिहास, आणि त्यातही खानदेशाशी जोडलेला भाग, बारकाईने पाहिला तर माणसे ज्या मार्गदर्शनाने खरोखर सावरली ते दुसऱ्या मागणीला मिळालेले उत्तर होते, असेच दिसते.

खानदेशात मृत्यू झालेल्या घरी भेटीला जाण्याला 'दारावर जाणे' म्हणतात. आलेला माणूस फारसे बोलत नाही; बायका घरातील बाईच्या गळ्यात पडून रडतात, पुरुष ओटीवर सतरंजीवर बसतात, कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करतो, आणि काही वेळाने माणसे उठून जातात. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या पुस्तकात नेमके हेच दृश्य आहे. संपत्ती, मुले आणि आरोग्य एकापाठोपाठ एक गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, दुरून येतात, मोठ्याने रडतात आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. तिथवर ते आदर्श सोबती आहेत. ते बोलू लागतात, ईयोबाने काहीतरी पाप केले असलेच पाहिजे असे तर्काने सिद्ध करू पाहतात, तेव्हापासून त्यांचे सांत्वन छळात बदलते. आणि पुस्तकाच्या अखेरीस देवाचा कोप होतो तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. दुःखी माणसापुढे देवाची वकिली करणे देवालाच मान्य नाही, हा या पुस्तकाचा निवाडा अनेक मंडळ्यांत, म्हणजे ख्रिस्ती उपासक समूहांत, आजही पुरेसा ऐकला जात नाही. तरुण मुलगा गेलेल्या आईला पहिल्याच दिवशी 'देवाची इच्छा' ऐकवली जाते, आणि तिने रडणे हीच जणू तिच्या विश्वासातली उणीव ठरते.

वास्तविक रडण्याला शास्त्रात मोठे स्थान आहे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. ज्यांत भक्त देवाला उघडपणे विचारतो की तू दूर का उभा आहेस, किती काळ मला विसरणार आहेस, त्या स्तोत्रांना ही संज्ञा लावली जाते. यांतील बहुतेक स्तोत्रे शेवटी विश्वासाच्या उद्गाराकडे वळतात, परंतु अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ज्यांनी हा संग्रह सिद्ध केला त्यांनी ते वगळले नाही. खुद्द येशूने क्रुसावर जी आरोळी मारली ती बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात होती, आणि मार्काच्या शुभवर्तमानाने ती अरामी भाषेत, म्हणजे येशूच्या घरच्या बोलीत, जशीच्या तशी नोंदवून ठेवली आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने तीन शिष्यांकडे काय मागितले, तर जागे राहून सोबत करा एवढेच. आणि ते झोपी गेले. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी असा प्रसंग आहे, त्या धर्माला दुःखिताची तक्रार परकी वाटण्याचे कारण नाही.

ख्रिस्ती परिभाषेत 'शांती' म्हणजे संकट टळणे नव्हे, हेही इथे स्पष्ट केले पाहिजे. बुद्धीच्या पलीकडच्या शांतीविषयी प्रेषित पौलाने लिहिले ते फिलिप्पैकरांस पाठवलेल्या पत्रात, आणि ते पत्र त्याने कैदेतून लिहिले, हे बहुतेक प्रवचनांत सांगितले जाते. परंतु तेच पत्र एका अर्थी पोचपावतीही आहे, हे क्वचितच सांगितले जाते. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर कैदेतील पौलासाठी मदत पाठवली होती, तो माणूस तिथे मरणाच्या दारी पोहोचण्याइतका आजारी पडला होता, आणि त्याला परत पाठवताना पौलाने हे पत्र दिले. म्हणजे ज्या शांतीचे इतके गोडवे गायिले जातात तिच्यामागे दूरवरच्या गरीब मंडळीने काढलेली वर्गणी आणि एका माणसाचा जिवावर बेतलेला प्रवास उभा आहे.

मराठी मुलखात हा विचार ज्यांच्या आयुष्यात उतरला त्यांत पंडिता रमाबाईंचे (1858–1922) नाव अग्रक्रमाने येते. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती अशी माणसे त्यांनी एकामागून एक गमावली. इंग्लंडमध्ये 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे 1896–97 च्या दुष्काळात त्या स्वतः दुष्काळग्रस्त भागांत जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, त्यांतून केडगावचे मुक्तिसदन विस्तारले. ज्या उपासमारीत स्वतःचे घर संपले होते, तिच्या समोर पुन्हा जाऊन उभे राहणे याचा अर्थ ज्याला समजेल त्याला रमाबाईंच्या श्रद्धेविषयी वेगळे भाष्य लागणार नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून केलेल्या बायबलच्या मराठी अनुवादाचे शेवटचे काम करीत होत्या, ते त्यांनी थांबवले नाही, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) आणि लक्ष्मीबाई टिळक (1868–1936) यांची कथा अधिक घरगुती आणि म्हणूनच कदाचित अधिक उपयोगाची आहे. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जे आले त्याला संकट हाच शब्द आहे. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, पदरी लहान मुलगा, आणि समाजात तोंड दाखवायची चोरी. माहेरच्या नातलगांच्या आधाराने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी त्यांनी दिवस काढले. म्हणजे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे दुःख ख्रिस्ती धर्मानेच आणले होते, ही गोष्ट प्रामाणिक लेखकाने लपवता कामा नये. पुढे त्या पतीकडे परतल्या तरी धर्माच्या बाबतीत लगेच नमल्या नाहीत; सोवळेओवळे पाळत, भांडत, हसत त्या टिळकांच्या घरात राहिल्या, आणि 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दुष्काळातील अनाथ मुले आणि नगरच्या प्लेगमधील रोगी यांची सेवा त्यांनी केली ती कोणत्याही सिद्धान्ताचा आधार न घेता. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात ईश्वरविषयक विवेचन अगदी थोडे आहे, आणि माणसांची ये-जा मात्र अखंड आहे; मराठीतील ख्रिस्ती साहित्याने संकटग्रस्त वाचकाला दिलेला सर्वांत मोठा आधार हा ग्रंथ असावा, याचे कारण त्यातच आहे.

या घराची खानदेशाशी गाठ पडली ती 1907 साली, जळगावात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या कविसंमेलनात. धरणगावात 1890 साली जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने तिथे कविता म्हटली, 'बालकवी' ही उपाधी मिळवली आणि टिळकांचे मन जिंकले. टिळकांनी त्याला पुढे नगरला आपल्या घरी ठेवून घेतले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले. हे घर ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे होते, धर्मप्रसार हे टिळकांचे जाहीर जीवितकार्य होते, आणि तरीही ठोंबरे त्या घरात राहून हिंदूच राहिले. त्यांच्यावरच्या मायेला त्यामुळे ओहोटी लागली नाही. निसर्गाच्या आनंदाचा कवी म्हणून मराठी शाळांत शिकवल्या जाणाऱ्या या माणसाच्या उत्तरकाळातील कवितांवर खोल विषण्णतेची छाया आहे, हे अभ्यासकांना परिचित आहे. 5 मे 1918 रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकाशी मालगाडीखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते 27 वर्षांचे होते. या मृत्यूनंतर सुमारे वर्षभराने, 9 मे 1919 रोजी, टिळकही गेले. प्रेमाचे घर मिळाल्याने माणूस वाचतोच असे नाही, हे या कथेतील कटू सत्य आहे आणि कोणत्याही श्रद्धेने त्याचा विपर्यास करू नये. पण अशा घरात काढलेली वर्षे त्यामुळे व्यर्थ ठरत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. सोबतीची किंमत तिच्या परिणामावरून ठरवता येत नाही.

नेमक्या याच ठिकाणी खानदेशातील ख्रिस्ती कार्याविषयीचा जुना आक्षेप विचारात घ्यावा लागतो. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, जे आजच्या जळगाव आणि धुळे-नंदुरबारचे पूर्वरूप होय. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या रेल्वेमार्गावरील गावांत अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने, तर पश्चिमेकडे फ्रेडरिक फ्रॅन्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाच्या प्रेरणेने निघालेल्या मिशनांनी काम उभे केले. दुष्काळ, कर्ज आणि आजार यांनी गांजलेल्या माणसांपर्यंत हे लोक पोहोचले, म्हणून संकटाचा फायदा घेऊन धर्म बदलवला असा आरोप झाला. हा आरोप सरसकट खरा नाही. नवापूर परिसरातील मावची भिल्ल समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मंडळ्या केवळ धान्याच्या पोत्यावर उभ्या राहिल्या असे म्हणणे म्हणजे त्या माणसांची बुद्धी नाकारणे आहे. पण आरोपामागील नैतिक प्रश्न खरा आहे. सोबतीला अट जोडली की ती सोबत राहत नाही, सौदा होतो. टिळकांच्या घरातील ठोंबरे हे या कसोटीचे उदाहरण म्हणून खानदेशातील प्रत्येक मंडळीला माहीत असले पाहिजे.

दुसरी कसोटी औषधाची आहे. आजारातून बरे होण्यासाठी प्रार्थना करणे हा ख्रिस्ती जीवनाचा स्वाभाविक भाग असला, तरी गोळ्या थांबवा आणि फक्त विश्वास ठेवा असा सल्ला जिथे दिला जातो तिथे ईयोबाचे मित्र पुन्हा बोलू लागलेले असतात, कारण रोगी बरा झाला नाही की दोष त्याच्या विश्वासावर येतो. खानदेशाच्याच परंपरेत याचे उत्तर आहे. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासून आदिवासी भागात उभे आहे, आणि तिथे प्रार्थना व उपचार यांना परस्परांचे वैरी मानलेले नाही. मनाच्या आजाराबाबत हे अधिकच ठामपणे म्हणावे लागते. कापसाचा भाव पडल्याने किंवा वादळात केळीची बाग आडवी झाल्याने कर्जात बुडालेला शेतकरी रात्री झोपेनासा होतो, जेवेनासा होतो, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवतो, तेव्हा पाळकाने, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकाने, प्रार्थना करावीच. पण त्याला एकटे सोडू नये, घरातील फवारणीचे औषध नजरेआड ठेवायला सांगावे, डॉक्टरांकडे सोबत जावे, आणि शासनाच्या 'टेली मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक त्याच्या घरी लिहून ठेवावा. यात श्रद्धेचा पराभव नाही.

अहिराणी आणि मावची या बोलींत नव्या कराराचे अनुवाद झाले आहेत, ही समाधानाची बाब आहे. तरीही मंडळ्यांतील औपचारिक प्रार्थना अजून बहुधा प्रमाण मराठीतच होते, आणि घरची बाई मात्र रडते ती अहिराणीत. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग आणि कीर्तनाच्या रूपात आणली ती परदेशी चालीत मराठी माणसाचे मन मोकळे होत नाही हे जाणून, आणि त्यांची पदे मराठी मंडळ्यांतून आजही गायिली जातात. तोच न्याय आता खानदेशच्या बोलींना लागला पाहिजे. अंत्यविधीच्या उपासनेत पुनरुत्थानाच्या आशेचे वाचन होते ते योग्यच आहे, पण त्याआधी विलापाचे एखादे स्तोत्र वाचले जावे आणि ते घरच्या बोलीत वाचले जावे; मातीला आलेल्या बायकांना गप्प करण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये; आणि आठ-पंधरा दिवसांनी दारावर येणारे थांबले की मंडळीतील दोन घरांनी नाव घालून जबाबदारी घ्यावी व पुढचे वर्षभर दर आठवड्याला त्या घरी जाऊन बसावे.